दोन किल्ल्यांचं वायफाय

"या घरातलं वायफाय असं बंदिस्त करतो, की मुंगीसुद्धा आत शिरणार नाही!" शनिवारी सकाळी नानांनी जाहीर केलं. चौतीस वर्षं बँकेची तिजोरी सांभाळून निवृत्त झालेला माणूस! नेट जरा रेंगाळलं की त्यांचा संशय थेट वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांवर जायचा. "माणूस नको तितका हसतो. फुकटचं नेट मिळाल्याशिवाय कुणी एवढं हसत नाही!"

राउटरच्या सेटिंगमध्ये शिरून त्यांनी सगळ्यात कडक एन्क्रिप्शन निवडलं. इथपर्यंत ठीक होतं. पण पासवर्डची वेळ आली आणि नानांच्या अंगात बँक संचारली.

"तिजोरीला दोन किल्ल्या असतात. पूर्ण पासवर्ड एकाच माणसाला माहीत असणं म्हणजे दरोड्याला आमंत्रण! पुढचा अर्धा माझा, मागचा अर्धा तुझा. एकमेकांना सांगायचा नाही, लिहायचा नाही, चारचौघांत उच्चारायचा नाही!"

"आणि मी विसरले तर?" बायकोने विचारलं.

"विसरायचा नाही!"

नोटा मोजण्याच्या जुन्या सवयीने एकेक आकडा खणखणीत म्हणत नानांनी आपला अर्धा टाकला आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बायकोने गुपचूप तिचा टाकला. मग दोघांचे फोन, मुलीचा फोन, टीव्ही. दर वेळी नाना आकडे म्हणणार आणि भिंतीकडे वळणार. संध्याकाळपर्यंत भिंतीचा प्रत्येक पोपडा त्यांच्या ओळखीचा झाला.

सोमवारी चार वाजता मुलीची नोकरीची मुलाखत होती, लॅपटॉपवरून. आठ महिने घरी बसल्यावर आलेलं पहिलं बोलावणं! लॅपटॉप दुरुस्तीहून साडेतीनला परत आला, तो अगदी कोरी पाटी होऊन. नानांनी ऐटीत आपला अर्धा टाइप केला आणि हाक मारली, "अगं, ये गं!"

कोण येणार? बायको सकाळीच बहिणीकडे गेली होती आणि आत्ता परतीच्या बसमध्ये होती.

"बाबा, आईला फोन करा ना! मोबाइलचं नेट घरात एका काडीवर असतं!" मुलगी रडकुंडीला आली.

नानांनी फोन लावला. "तुझा अर्धा सांग, लवकर!"

"अहो, बस गच्च भरलीय. चारचौघांत कसा सांगू? तुमचाच नियम!" मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "आपलं लग्न कधी झालं, आठवतंय ना?"

"आत्ता लग्न कुठून काढलंस?"

"तारीख आठवा. महिना, वर्ष, सगळं."

"पोरीची मुलाखत आहे आणि तू जुनी उणीदुणी काढतेस? एक वर्ष विसरलो, तर जन्मभर ऐकवणार का?"

"अहो, मी भांडत नाहीये! तारीख! तारीख!!"

"सतरा! नाही, अठरा! झालं समाधान? आता पासवर्ड सांग!"

पलीकडून एक लांबलचक उसासा आला आणि रेंज गेली. पुन्हा फोन लागेना. चारला पाच कमी. मुलीने बापाकडे एकदाच पाहिलं, लॅपटॉप काखेत मारला आणि धाडधाड जिना चढून डॉक्टरांची बेल दाबली.

नाना मागोमाग, धापा टाकत. डॉक्टर हसले आणि त्यांनी मुलीला आतली खोली दिली. दारामागे कागद चिकटवलेला होता: 'पाहुण्यांसाठी वायफाय', आणि खाली बोटभर उंचीच्या अक्षरांत पासवर्ड!

"असा उघड्यावर?" नाना कळवळले.

"येणाऱ्याची सोय होते हो," डॉक्टर म्हणाले. नानांना स्वतःची लाज वाटली, पण ती त्यांनी घोटभर पाण्याबरोबर गिळली.

पाऊण तासाने मुलगी बाहेर आली. "पुढच्या फेरीला बोलावलंय!" नानांचे डोळे भरून आले.

संध्याकाळी बायकोने पर्स आपटली. "अहो, बसभर लोक माझ्याकडे बघत होते! लग्नाची तारीख हाच पासवर्ड होता!"

नाना निमूट लॅपटॉपसमोर बसले. टाइप केलं. 'चुकीचा पासवर्ड.'

"अजून अठराच टाकताय?" बायकोचा संयम सुटला. "एकोणीस! एकोणीस मे, एकोणीसशे एक्क्याण्णव!"

तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. वरची खिडकी उघडली. डॉक्टर हसत होते.

"नाना, पासवर्ड बदला हो! मागचा अर्धा आम्हाला आज कळला."

"कळू दे! पुढचा कुठे कळलाय?" नाना गरजले.

"तो शनिवारीच पाठ झाला. तुम्ही पाच वेळा म्हणून दाखवलात ना!"