गुलाबाच्या वासाचा ब्रेक

लाल दिवा लागला तो नेमका टाकी फुल केल्यावर. महाडच्या पेट्रोल पंपावरून झकेरियाभाईंची काळी जर्मन गाडी डौलात बाहेर पडली आणि स्टिअरिंगमागे एक गोल दिवा पेटला. गाडीचं पुस्तक जर्मन भाषेत होतं. त्यातल्या चित्रावरून झकेरियाभाईंनी एवढं ताडलं, की ब्रेक संपत आलेत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बायकोला, जहांआराला, महाबळेश्वरला नेणार होते. तसे तीस वर्षं नेणारच होते म्हणा.

लग्नाला चाळीस दिवस झाले नाहीत तोच झकेरियाभाई आखातात दोह्याला गेले आणि एका बांधकाम कंपनीच्या मालकाकडे ड्रायव्हर झाले. मालकाची गाडी हीच, म्हणजे हिची सख्खी थोरली बहीण. दर शुक्रवारी फोनवर जहांआरा विचारायची, "कवा येनार?" आणि झकेरियाभाई सांगायचे, "आलो की तुला अशाच गाडीत बसवून आंबेनळी घाट चढवतो बघ." पोलादपूरहून महाबळेश्वर फार तर दीड तास. महाडच्या शाळेतली पोरं दरवर्षी सहलीला जाऊन येतात. पण जहांआरा गेली नाही. भावांनी बोलावलं, जावांनी बोलावलं, ती म्हणाली, "मी गाडीची वाट बघते."

यंदा झकेरियाभाई कायमचे परतले आणि मुंबईत तसलीच गाडी त्यांना मिळाली. वय वर्षं अठरा, आणि किंमत ऐकून लोक म्हणाले, एवढ्यात नवी रिक्षापण येत नाही. हत्ती स्वस्तात मिळतो, त्याचा चारा महाग पडतो, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

ते सांगायचं काम पोलादपूरच्या कोंडाजीने केलं. कोंडाजीचं गॅरेज घाटाच्या तोंडाशी, त्यामुळे ब्रेकच्या बाबतीत त्याचा शब्द अखेरचा. तो गाडीखाली गेला, बराच वेळ तिथेच राहिला आणि बाहेर येऊन म्हणाला, "झकेरियाभाय, पुढच्या दोनी चाकांची पॅडं गेली. चार लागतील."

"मग टाक ना चार."

"माज्याकडं जीपची हायत, टेंपोची हायत, ट्रॅक्टरची पन हायत. ह्या म्हारानीची नाय."

"अरे, उद्या घाट चढायचा हाय!"

"चढा की. चढाल मजेत. उतराल तवा रस्त्यानं येनार नाय, सरळ सावित्री नदीत येनार."

मुंबईच्या शोरूममध्ये फोन केला. तिथल्या मुलीने इतक्या गोड आवाजात किंमत सांगितली की झकेरियाभाईंना ती आधी गाडीचीच वाटली. तेवढ्या पैशांत एक दुभती म्हैस आली असती, आणि म्हशीला ब्रेक लागत नाहीत. महाडच्या दोन्ही दुकानदारांनी जुनं पॅड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि आदराने परत केलं.

शेवटी भाचा कामाला आला. शारजात असलेल्या अर्शदने जुन्या मालाच्या बाजारात चार कोरी पॅडं शोधून काढली, शोरूमच्या चौथाई भावात. ती आता तिथून यायची कशी, हा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारत नाही. आखातातून वस्तू पोस्टाने येत नाही, येणाऱ्याच्या हाती येते. जवळच्या तुडील गावचा अझीम शारजाहून पंधरा दिवसांनी सुट्टीवर येणार होता. अर्शदने चारही पॅडं मामाची वस्तू म्हणून हौसेने सोनेरी कागदात वेगवेगळी गुंडाळली आणि अझीमच्या खोक्यात ठेवून दिली.

तोवर गाडी अंगणात चिकूच्या झाडाखाली उभी राहिली. बॅटरी बसू नये म्हणून रोज थोडा वेळ इंजिन चालू ठेवायला हवं होतं. पहिल्या संध्याकाळी झकेरियाभाईंनी इंजिन चालू केलं, एसी लावला आणि सहज मागचं दार उघडून आत बसले. तीस वर्षांत ते असल्या गाडीच्या मागच्या सीटवर कधी बसले नव्हते. सीट इतकी मऊ होती, की त्यांना मालकाचा थोडा राग आला.

"एकटेच काय बसलाव?" जहांआरा ओट्यावरून म्हणाली. मग पदराला हात पुसत तीही आली, चपला बाहेर काढून सीटवर पाय दुमडून बसली आणि दार लागलं. दार लागताच महाड नाहीसं झालं. ना हायवेचा आवाज, ना शेजारचा मिक्सर. काचेबाहेर चिकूच्या फांद्या तेवढ्या हलत होत्या.

"हां, आता आपन पोलादपूर सोडलं," झकेरियाभाई म्हणाले. "ही डावीकडं दरी."

"खोल हाय?"

"तळ दिसत नाय. नि आता धुकं येतं बघ खालून, दुधासारखं. पुढचं वळनच दिसत नाय."

"मग हळू घ्या."

"हळूच घेतो."

रोज संध्याकाळी ते असे निघत. कधी आंबेनळीच्या अर्ध्यात टपरीवर चहाला थांबत, कधी वर पोचून स्ट्रॉबेरी घेत, आणि अर्ध्या तासाने चिकूखाली उतरून आपापल्या कामाला लागत. जहांआरा तेच प्रश्न विचारायची, झकेरियाभाई वळणं मात्र रोज नवी काढायचे. पोलादपूरकरांनी उभ्या जन्मात पाहिली नसतील एवढी वळणं त्या पंधरा दिवसांत घाटाला पडली.

रविवारी पहाटे अझीम आला आणि आल्याआल्या आडवा झाला. आखातातून आलेला माणूस झोपतो, त्याचं सामान झोपत नाही. दुपारच्या आत प्रत्येक नातेवाइकाचा वाटा त्याच्या घरी गेला नाही, तर पुढची दोन वर्षं ऐकून घ्यावं लागतं. अझीमची आई माहरुख ही जहांआराची मामेबहीण आणि ह्या कामात तरबेज. तिने खोकं फोडलं आणि सतरा पिशव्या भरल्या. एक पिशवी महाडला जहांआराकडेही आली. त्यातले खजूर झकेरियाभाईंनी गाडीत बसून आवडीने खाल्ले.

सोमवारी ते पॅडं आणायला तुडीलला गेले. अझीमने खोकं दाखवलं. खोकं रिकामंच होतं.

"अम्मी," अझीम ओरडला, "झकेरियाखालूंचं सामान कुठं हाय? ते सोनेरी कागदातलं?"

माहरुख पदर सावरत आली आणि गालाला हात लावून उभी राहिली. "या अल्ला! भावजी, मला वाटलं टाचा घासायचे दगड हायत. एका बाजूनं खरखरीत, दुसऱ्या बाजूनं धरायला लोखंड. नि वास कसला सुंदर!"

वास गुलाबाच्या अत्तराचा होता. खोक्यातली बाटली विमानातच फुटली होती.

"चार होते," झकेरियाभाई क्षीण आवाजात म्हणाले.

"चारच. एक मी ठेवला. एक शेजारच्या बनुबायला दिला. एक त्या पार्लरवाल्या सेजलला, आमच्या पोरीची, अलीशबाची, मैत्रीन ती. नि चौथा..." माहरुख थांबली. "चौथा कुनाला दिला गो मी?"

हे तिने स्वतःलाच विचारलं आणि बोटांवर सतरा पिशव्या पुन्हा मोजायला लागली.

पहिला दगड मोरीतून मिळाला. बनुबाई अंगणात बसून दुसऱ्या दगडावर कोयत्याला धार लावत होती. "देते की," ती म्हणाली, "पन कसली धार येते बघ! तुज्या गाडीला कशाला पायजे रे धार?" झकेरियाभाईंनी तिला ब्रेक म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, उरलेला कोयता घासून पूर्ण केला आणि मगच दगड दिला.

सेजलचं काम अवघड निघालं. तिने महाडच्या पार्लरवर रविवारीच बोर्ड लावला होता, 'इंपोर्टेड टाच ट्रीटमेंट, सुगंधासह.'

"काका, माझ्या तीन अपॉइंटमेंट आहेत. त्या झाल्या की घेऊन जा."

झकेरियाभाई पार्लरच्या बाकावर दोन तास बसले. येणाऱ्या बायका त्यांच्याकडे बघत आणि मग सेजलकडे बघत. सेजल शांतपणे सांगे, "ते दगडासाठी थांबलेत." त्यात भर म्हणून मशिदीतला एक दोस्त रस्त्यावरून चालला होता, त्याने आत डोकावून सलाम केला.

तीन पॅडं आली, चौथ्याचा पत्ता नाही. उरलेल्या पिशव्या ज्या घरी गेल्या तिथे जाऊन विचारायला हवं होतं. पण विचारायचं काय? पहिल्याच घरी झकेरियाभाईंनी धीर करून विचारलं, "भाभी, तुमी टाचा कशानं घासता?" आतून भाभींचे मिस्टर बाहेर आले. ते उंच होते.

तेव्हापासून विचारण्याचं काम जहांआराने घेतलं. आठ दिवस दोघं रिक्षाने फिरले. प्रत्येक घरी चहा, शेवया, अंडं, आणि मग जहांआरा गंभीर चेहऱ्याने म्हणे, "तुमच्याकडं आलाय काय गो असला दगड? आमची गाडी अडलीय." नसायचा. प्रत्येक घरून निघताना तीच झकेरियाभाईंना धीर द्यायची, "सापडेल हो. जाईल कुठं? चला, संध्याकाळ झाली, बॅटरी बसेल." झकेरियाभाईंचं मात्र मन खात होतं. तीस वर्षं जिने वाट पाहिली, तिला हातभर लांबीच्या वस्तूसाठीही नव्हे, वीतभर दगडासाठी थांबवायचं! अर्शदला फोन केला, तर तिथल्या दुकानदाराने तो जोड शेवटचा होता म्हणून सांगितलं.

नवव्या दिवशी सकाळी त्यांनी मिळालेली तीन पॅडं कोंडाजीकडे पोचवली. चौथं घासूनपुसून दुसऱ्या कशाचं बसवता येईल का, हे बघायला सांगितलं. कोंडाजीने हात जोडले.

त्या संध्याकाळी ते गाडीत बसले. जहांआराने पाय दुमडले आणि नेहमीसारखं विचारलं, "पोलादपूर सोडलं काय?"

"सोडलं," झकेरियाभाई म्हणाले. एसीची गार हवा फिरली आणि तिच्याबरोबर गुलाबाचा वास आला. रोजच यायचा. डिकीत पॅडं होती, त्यांचा. मग त्यांच्या लक्षात आलं की डिकी सकाळपासून रिकामी आहे. त्यांनी इकडे वास घेतला, तिकडे घेतला, खाली वाकून घेतला. सीटवर दोन टाचा होत्या. भातलावणीने आणि कातळ तुडवून तीस वर्षं भेगाळलेल्या त्या टाचा आज लोण्यासारख्या मऊ दिसत होत्या.

"जहांआरा," ते म्हणाले.

जहांआराने टाचा साडीखाली घेतल्या. मग उगीच काचेबाहेर बघितलं आणि म्हणाली, "तांदळाच्या डब्यात हाय."

"पयल्यापासून?"

"रविवारी पिशवीतून आला तवा मला काय ठावं? सोमवारी तुमी सांगितलंव तवा कळलं."

"मग बोलली का नायस गो? आठ दिवस रिक्षानं हिंडवलंस! त्या भाभीच्या नवऱ्यानं मला मारायचं बाकी ठेवलंन!"

चिकूच्या फांद्या काचेला लागून हलत होत्या.

"गाडी चालू झाली की तुमी फुडं बसनार," ती म्हणाली. "तोंड रस्त्याकडं, पाठ माज्याकडं. मी मागं एकटी. तीस वर्सं एकटीच होते ना? ही गाडी बंद पडली नि तुमी पयल्यांदा माज्या बाजूला बसलाव. महाबळेश्वर काय, भावांसंगती पन बघता आला असता. मला बाजूला कोन बसतंय ते बघायचं होतं."

झकेरियाभाईंनी तीस वर्षांत आरशातून मागच्या सीटवरची पुष्कळ माणसं पाहिली होती, पण मागची सीट कशासाठी असते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, "आता डावीकडं वळन हाय," आणि तिचा हात धरला.

शुक्रवारी कोंडाजीने चौथं पॅड हातात घेऊन नाकाशी नेलं.

"चालेल ना रे? टाचा घासल्यात त्याच्यावर."

"झकेरियाभाय, चाकातली लोखंडाची थाळी घासायला केलेला माल हा. टाचांनी त्याला काय होतंय! चला, घ्या किल्ली."

झकेरियाभाईंनी किल्ली घेतली नाही. "तू चालव," ते म्हणाले आणि मागचं दार उघडून जहांआराशेजारी जाऊन बसले.

पोलादपूर सुटलं, घाट लागला. डावीकडे खरोखरची दरी होती आणि दरीतून खरोखरचं धुकं वर येत होतं, दुधासारखं. झकेरियाभाईंनी उत्साहाने सांगायला तोंड उघडलं आणि पाहिलं, तर जहांआराने चपला काढून पाय दुमडले होते, त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं, आणि पहिल्या वळणाआधीच तिला गाढ झोप लागली होती. तीस वर्षं वाट पाहिलेला घाट काचेबाहेरून एकेक वळण मागे जात होता. झकेरियाभाईंनी खांदा हलवला नाही.

वरून एसटी आली तसा कोंडाजीने ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थबकली आणि आत गुलाबाचा मंद वास पसरला.

"बघितलाव?" कोंडाजी खूश होऊन मागे वळला. "कसला लागतोय! अजून एकदा मारून दावू?"

"नको रे," झकेरियाभाई कुजबुजले. "ब्रेक मारू नको. उठेल ती."