सुमारे वीस मिनिटे

‘ही प्रक्रिया पूर्ण होण्यास सुमारे वीस मिनिटे लागतील. कृपया संगणक बंद करू नका.’

पडद्यावरच्या या दोन वाक्यांपैकी दुसरे ही विनंती होती आणि तिच्याबद्दल निरीक्षकांची काही तक्रार नव्हती. पहिले मात्र विधान होते, आणि विधान म्हटले की त्याला पुरावा लागतो. निरीक्षकांनी निवृत्तीपूर्वीची एकतीस वर्षे वजने आणि मापे तपासण्याच्या खात्यात काढली होती. तळ ठोकून आत दाबलेले लिटरचे माप, पारड्याखाली चिकटवलेले मेण, पोटात शिसे भरलेली वजने हे सारे त्यांनी नुसत्या नजरेने पकडलेले होते. त्या एकतीस वर्षांत एकाही दुकानदाराची ‘सुमारे एक किलो’ अशी पाटी लावण्याची छाती झाली नव्हती. आणि आता जिचा पत्ताही कुणाला ठाऊक नाही अशी एक कंपनी त्यांच्याच घरात, त्यांच्याच टेबलावर बसून त्यांना तोंडावर ‘सुमारे’ म्हणत होती. हे विधान सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी करण्यात आले होते. आता पावणेअकरा झाले होते. म्हणजे वीस मिनिटांपैकी पंचाण्णव मिनिटे संपली होती आणि काम चार टक्के झाले होते.

निरीक्षकांनी कागदावर त्रैराशिक मांडले. चार टक्क्यांना पंचाण्णव मिनिटे, तर शंभर टक्क्यांना एकोणचाळीस तास पस्तीस मिनिटे. म्हणजे नवी प्रणाली सोमवार सरून मंगळवार लागल्यावर बसणार होती. आज रविवार होता, आणि मुलगी आज चार वाजता दिसायची होती.

मुलगी दूरच्या एका थंडगार बेटावर हवामान केंद्रात नोकरीला होती. तिथे टेलिफोन पोचत नसे. केंद्र प्रत्येकाच्या घरच्यांना महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी, बारा मिनिटे देत असे, आणि तीही नोंदणी केलेल्या एकाच संगणकावर. गेल्या महिन्यात बरोबर चार वाजता त्या संगणकाने ‘आपली प्रणाली कालबाह्य झाली आहे’ असे जाहीर करून मुलीचा चेहरा दाखवायला साफ नकार दिला होता. निरीक्षकांच्या पत्नीने ती बारा मिनिटे काळ्या पडद्यासमोर बसून काढली आणि मग उठून कपड्यांच्या घड्या घातल्या. घड्या घातलेले कपडे तिने पुन्हा उलगडून पुन्हा घातले, हे निरीक्षकांनी दाराआडून पाहिले होते. नव्या प्रणालीची डीव्हीडी त्यांनी दुसऱ्याच दिवशी मागवली. आज हा वारही हुकला असता, तर तिसरा महिना उजाडला असता.

पत्नी न्यायालयात अठ्ठावीस वर्षे लघुलेखिका होती. वकील कितीही तोंडाचा पट्टा सोडो, तिची पेन्सिल कधी मागे पडली नव्हती. कंपनीविरुद्ध तक्रार करायची तर नोंदी हव्यात म्हणून निरीक्षकांनी तिला यंत्रासमोर वही घेऊन बसवले. ती तशीही तिथून हलणार नव्हती.

निरीक्षकांचा पहिला संशय डीव्हीडीवर गेला. धूळ असेल, या तर्काने त्यांनी ती बाहेर काढली, चष्म्याच्या फडक्याने निगुतीने पुसली आणि परत घातली. यंत्राने हा स्वतःचा अपमान समजून काम पहिल्यापासून सुरू केले.

“चार टक्के होते ते गेले,” लघुलेखिका लिहिता लिहिता म्हणाली. “कारण काय घालू?”

“तांत्रिक घाल,” निरीक्षक म्हणाले.

दुसरा संशय विजेवर गेला. घरातली बाकीची उपकरणे वीज ओढून घेतात आणि गरीब बिचारा संगणक अर्धपोटी राहतो, असा सिद्धान्त त्यांनी मांडला आणि पंखे, पाण्याचा हीटर आणि फ्रिज एकामागून एक बंद केले. सिद्धान्तात खोट काढणे अवघड होते. वास्तवाला मात्र त्याचे सोयरसुतक नव्हते. दोन वाजेपर्यंत काम जेमतेम सात टक्क्यांवर आले, फ्रिजमधला कित्येक महिन्यांचा बर्फ वितळला, आणि त्याचे पाणी स्वयंपाकघरातून बैठकीत, बैठकीतून दाराखालून आणि तिथून जिन्यावर गेले. त्याच वेळी वरच्या मजल्यावर राहणारे दंतवैद्य सकाळचा दवाखाना आटोपून घरी निघाले होते. ते तिसऱ्या पायरीवर घसरले, कठडा धरून वाचले आणि हातातल्या बॅगेसह थेट निरीक्षकांच्या दारात उभे राहिले.

जिना हा सार्वजनिक असतो इथपासून कंबरेचे हाड एकच असते इथपर्यंत दंतवैद्यांनी बरेच काही ऐकवले. निरीक्षकांनी नाक मुठीत धरून ते ऐकून घेतले. मग दंतवैद्यांची नजर लघुलेखिकेकडे गेली. त्या एवढ्या गोंधळातही तिने पडद्यावरून डोळे हलवले नव्हते. आज महिन्याचा पहिला रविवार आहे हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी बॅग खाली ठेवली.

“किती वेळ चाललंय, वहिनी?”

“वीस मिनिटं,” ती म्हणाली. “सकाळी नऊपासून.”

पोट उघडून पाहायला हवे, असे दंतवैद्यांचे मत पडले. त्यावर निरीक्षक एकाएकी म्हणाले की उघडायची काही गरज नाही. सकाळपासून ज्या माणसाने यंत्राला धारेवर धरले होते, त्याला आता त्याची ही दया कुठून आली, हे कुणालाच कळले नाही. लघुलेखिकेने मात्र ते वाक्य वेळेसह टिपून ठेवले. तोवर दंतवैद्यांनी चार स्क्रू काढले होते. कपाळाला दिवा बांधून आणि हातात लांब दांड्याचा आरसा घेऊन ते वाकले, आणि अंगवळणी पडलेले असल्यामुळे यंत्राला “आ करा” म्हणाले.

आत धूळ होती, एक मेलेला कोळी होता, आणि समोरच्या बाजूला एक रिकामी खोबण होती. तिच्यातून एक चपटी वायर लोंबत होती.

“इथला एक दात काढलेला आहे,” दंतवैद्य आरसा फिरवत म्हणाले.

बाहेरून ते कळण्याची सोय नव्हती. खोबणीच्या तोंडावर एक झाकण बसवलेले होते. यंत्राच्याच रंगाचे, कडा घासून गुळगुळीत केलेले, इतके बेमालूम की एकतीस वर्षांत निरीक्षकांनी जप्त केलेल्या एकाही वजनाचे काम इतके सफाईदार नव्हते. निरीक्षक खिडकीबाहेर बघू लागले. खिडकीबाहेर काही नव्हते.

लघुलेखिकेने वहीची पाने मागे उलटली आणि सकाळपासूनच्या नोंदी सपाट आवाजात वाचून दाखवल्या. आधी खर्र असा आवाज. मग सतरा सेकंद शांतता. मग एक फाइल पुढे. पुन्हा खर्र, पुन्हा सतरा सेकंद. दर फाइलला तेच, एकदाही सोळा नाही की अठरा नाही. न्यायालयात एखादा साक्षीदार प्रत्येक उत्तराआधी सारखाच थांबू लागला की तो मागच्या बाकावर कुणाकडे तरी बघतोय असे खुशाल समजावे, असा तिचा अनुभव होता.

“हा आधी कुणाला तरी काहीतरी विचारतोय,” ती म्हणाली. “तिकडून उत्तर येत नाही. मग कंटाळून आपला आपण पुढं जातोय.”

दंतवैद्यांनी आरसा खाली ठेवला. “दात काढला ना वहिनी, की जीभ महिनाभर तिथंच जाते. नाही म्हणून सांगितलं तरी जाते.”

“याला कुणी सांगितलेलंच नाही,” लघुलेखिका म्हणाली.

मग तिने कपाट उपसून यंत्राबरोबर आलेली पुस्तिका शोधली. यंत्र चालू होताना एक बटण दाबून धरले की निळ्या पडद्यावर त्याच्या सर्व अवयवांची यादी येते, असे तिच्यात म्हटले होते. यादी आली. सहाव्या ओळीवर लिहिले होते: ‘फ्लॉपी ड्राइव्ह: आहे.’ एके काळी त्या चौकोनी डिस्कवर लोक आपापली कामे साठवत असत, आणि ती घालायचे तोंड म्हणजे हा ड्राइव्ह. जे वर्षानुवर्षे जागेवर नव्हते, ते अजूनही दप्तरी हजर होते. अशी व्यवस्था फक्त सरकारी कचेऱ्यांतच असते, असा निरीक्षकांचा समज होता. लघुलेखिकेने ‘आहे’चे ‘नाही’ केले आणि तीन वाजून बारा मिनिटांनी काम पुन्हा शून्यापासून सुरू झाले.

यंत्र आता कुणाला काही न विचारता सुसाट सुटले. पाहता पाहता दहा टक्के झाले, मग पंचवीस. लघुलेखिकेने खुर्ची नवऱ्याकडे वळवली.

“अहो, ड्राइव्ह कुणी काढला?”

निरीक्षकांनी आधी कानावर हात ठेवले. मग दुरुस्तीवाल्याचे नाव पुढे केले. मग, दुरुस्तीवाला असता तर त्याने इतके सुबक झाकण बसवले नसते हे स्वतःच्याच लक्षात येऊन ते गप्प झाले. ही शांतता सतरा सेकंदांहून बरीच मोठी होती.

“मी काढला,” ते म्हणाले. “बारा वर्षं झाली. तिची डिस्क आत अडकली होती. शाळेचा निबंध होता म्हणे तिचा. दुरुस्तीवाला म्हणाला, काढायची तर फोडावी लागेल. मी म्हटलं, फोडायची नाही.”

पुढचे त्यांनी तुटक तुटक सांगितले. कधी तरी सवडीने अख्खी बाहेर काढू, म्हणून त्यांनी ड्राइव्हच उपटून ठेवला. पत्नीला सांगितले नाही, कारण चालत्या यंत्राचे पोट फाडल्याबद्दल ती बोलली असती. मुलीला सांगितले नाही, कारण काढून झाली की एकदम हातात द्यायची होती. त्यासाठी लागणारा बारीक चिमटा त्यांनी तीनदा आणला आणि तीनदा हात कापेल या भीतीने परत ठेवला. तेवढ्यात मुलगी मोठी झाली आणि बेटावर निघून गेली. ते आतल्या खोलीत जाऊन मानक वजनांची मखमली पेटी घेऊन आले. दोनशे ग्रॅम आणि किलोच्या मध्ये, पाचशे ग्रॅमच्या जागी, तो ड्राइव्ह रुमालात गुंडाळून ठेवलेला होता.

लघुलेखिकेने वही मिटली. जबाबाचा एवढा भाग तिने उतरवला नाही. “पाचशे ग्रॅमचं वजन कुठंय मग?” एवढेच तिने विचारले, आणि कागद उडू नयेत म्हणून ते गच्चीतल्या टेबलावर ठेवलेले आहे हे कळल्यावर तिने तोंड फिरवून डोळे पुसले.

तीन वाजून बत्तीस मिनिटांनी पडद्यावर ‘स्वागत’ असा शब्द आला. निरीक्षकांच्या घड्याळाने एकोणीस मिनिटे चाळीस सेकंद दाखवले. कंपनीचे माप खरे निघाले होते, वर वीस सेकंद झुकते. अशा वेळी समोरच्याची माफी कशी मागावी याबद्दल खात्याच्या नियमावलीत एक ओळही नव्हती.

चार वाजता मुलगी दिसली. लोकरीच्या टोपीत नुसते नाक आणि डोळे. मागे वारा घोंघावत होता. पहिली सहा मिनिटे आईने घेतली. जेवतेस का, झोपतेस का, खोकला किती दिवसांपासून आहे, आणि टोपी जरा वर कर, कपाळ बघू दे. मग तिने सकाळपासूनची हकिकत थोडक्यात सांगितली. निरीक्षकांनी रुमाल सोडला, ड्राइव्ह दोन्ही हातांनी कॅमेऱ्यासमोर धरला आणि सांगितले की तुझा निबंध सुखरूप आहे, ओरखडासुद्धा नाही.

मुलगी जागची हलेना. चित्र गोठले की काय, या शंकेने दंतवैद्य पुढे सरसावले, पण तिच्या टोपीचा गोंडा हलत होता. ती त्या ड्राइव्हकडे बघत होती. मग ती बोलली, आणि लघुलेखिकेच्या वहीत तिचे शब्द आहेत ते असे:

“बाबा, त्या डिस्कवर काही नव्हतं. कोरी होती. मी ती उलटी घातली, जाईना, म्हणून तुमच्या स्टीलच्या पट्टीनं ठोकून आत बसवली. मग तुम्ही विचारलंत तेव्हा म्हटलं, माझा निबंध अडकलाय आत. कारण निबंध मी लिहिलाच नव्हता. मला वाटलं, दोन दिवसांत विसराल. मला काय माहीत तुम्ही… पण आता टाकू नका हं ती, बाबा. मी आले की आपण दोघं मिळून काढू.”