पिकलेटचे स्टड मीच लावणार!

मंडळी, या वर्षी पिकलेटचे स्टड मी एकटी लावणार, असं मी घरात जाहीर करून टाकलं! पिकलेट म्हणजे माझा घोडा. अंगाने फ्रीज, स्वभावाने रुसलेला जावई. आणि स्टड म्हणजे ओल्या गवतावर घसरू नये म्हणून त्याच्या नालांत पिळून बसवायच्या लोखंडी खुंट्या. क्रिकेटवाल्यांच्या बुटाखाली असतात तशाच, पण चांगल्या दांडग्या!

गेल्या वर्षी उड्यांच्या स्पर्धेत स्टडविना तो वळणावर असा घसरला, की आमच्या पोनी क्लबची टीम शेवटून पहिली आली. "पुन्हा तसं झालं तर तुझ्या जागी तुझ्या मैत्रिणीची, मार्नीची, धाकटी बहीण हं," असं आमच्या कोच ग्लेनिसकाकूंनी गोड हसून सांगितलं होतं. काकू गोड हसल्या की समजायचं, खरं आहे!

"आई, तू फक्त कॉफी पी," स्पर्धेच्या सकाळी मैदानावर मी ऐटीत म्हणाले.

"नालांची भोकं बुजवली होतीस ना? आत चिखल गेला तर स्टड फिरायचे नाहीत."

"कालच बुजवली!"

आता सगळं जग त्या भोकांत तेलात भिजवलेला कापूस कोंबतं. मला ते फारच जुनाट वाटलं. मी वाढदिवसाच्या मेणबत्त्या वितळवून ओतल्या! गुलाबी! काय देखणे दिसत होते खूर!

पण रात्रभर आमच्या ऑस्ट्रेलियातल्या गिप्सलँडची थंडी पडली आणि मेणाचा झाला दगड! स्टड आत जाईना. मी खिळ्याने कोरलं, पान्याने ठोकलं. पिकलेटने शांतपणे माझ्या पायावर पाय ठेवला आणि लांबवर बघत राहिला.

"आई गं!"

"बोलावलंस?" आई लांबून ओरडली.

"नाही! कॉफी पी!"

माझी टीममधली मैत्रीण मार्नी धावत आली. खूर बघून तिने आ वासला. "बये, हा खूर आहे की केक?"

"हसू नकोस! गरम पाणी आण!"

पाणी कुठलं! तिने ग्लेनिसकाकूंचा चहाचा थर्मास पळवून आणला. आम्ही एकेका खुरावर चहा ओतला. मेण सुटू लागलं! पण चहात साखर होती. पिकलेट मान वाकवून स्वतःचाच पाय चाटायला लागला. एक खूर मार्नीच्या मांडीवर, एक जीभ माझ्या कानात, अशा अवस्थेत आम्ही सगळे स्टड बसवले. आणि सैल राहू नयेत म्हणून मी पान्यावर अक्षरशः उभी राहिले!

"आता हा काचेच्या भिंतीवरही चढेल!" मी म्हणाले.

तेवढ्यात भोंग्यावरून आवाज आला, "मैदान फार ओलं आहे. सगळ्या उड्या वाळूच्या रिंगणात होतील!"

ग्लेनिसकाकू रिकामा थर्मास हलवत आल्या. "वाळूत एवढे मोठे स्टड? पाय रुतून गुडघा जाईल बिचाऱ्याचा. काढ ते! आणि माझा चहा कुणी प्यायला?"

"पिकलेटने," मार्नी म्हणाली. कधी नव्हे ते खरं बोलली!

पण निघतील तर शपथ! पान्याला मी लटकले, माझ्या कमरेला मार्नी लटकली. भोंग्यावर माझं नाव दोनदा पुकारलं. मला रडूच फुटलं. तेवढ्यात पान्यावर तिसरा हात आला. आईचा!

"कॉफी संपली," ती म्हणाली आणि तिने सगळे स्टड पटापट सोडवले.

आणि पिकलेट असा उडाला, मंडळी! एकही दांडी पडली नाही! टीम दुसरी आली! काकूंनी माझी पाठ थोपटली, तीही न हसता, म्हणजे जागा पक्की! मी उतरले, लगाम धरला, आणि आईला मिठी मारायला ओल्या गवतावरून तीरासारखी पळत सुटले. पिकलेट मागून दुडक्या चालीने आला. स्टड नसतानाही त्याचा पाय तसूभरही घसरला नाही.

मी मात्र उताणी घसरत थेट परीक्षकांच्या टेबलाखाली गेले!

आईने वाकून खाली बघितलं. "पुढच्या वर्षीही घोड्याचे स्टड तूच लाव," ती म्हणाली. "तुझे मी लावते."