स्पॅनिश म्हातारीचं घर

आमच्या सूनबाईचं वागणं मला मुळीच पटत नाही! घरी बसून ती स्पॅनिशमधले कोर्टाचे नि कराचे कागद इंग्रजीत करते. तिची रीतच अशी, की अडचणीचा शब्द आला की आधी मला मराठीत समजावायचा, नि मला कळला तरच इंग्रजीत लिहायचा. शाळेत मी फार टिकले नाही, पण निम्म्या स्पेनचा कारभार माझ्या हाताखालून गेलाय म्हणा ना!

आणि परवा हीच बया दार लावून वकिलाशी फोनवर! मी कुणाच्या दाराला कान लावत नाही. दारच माझ्या कानाजवळ होतं.

"घर मुलाचं असलं तरी म्हातारी जिवंत आहे तोवर तिला काढता येणार नाही," सून म्हणत होती. "हो, माहितीये. वय जितकं जास्त, तितकी किंमत कमी!"

म्हणजे मलाच काढायला निघाली की! बॅगेत कपडे कोंबले, मिक्सरचं भांडं काखेत मारलं नि लेकीला फोन केला, "मला न्यायला ये!"

"आई, परत?" लेक म्हणाली.

मग मात्र डोकंच फिरलं. मी का जाऊ? दार ढकललं, सुनेच्या हातातला फोन ओढला.

"वकीलसाहेब, मेल्याशिवाय मी या घरातून हलायची नाही!"

पलीकडून अदबीनं उत्तर आलं, "रागावू नका आजी. 'पाहुणी' शब्द काढतो, तुमचा हक्क लिहितो. पण इतकं चांगलं मराठी कुठं शिकलात?"

मेला मला स्पॅनिश म्हातारी समजत होता!

सून हसून हसून वाकली. काखेतलं भांडं दिसलं तसं तिनं हसू आवरलं. मला खुर्चीत बसवून तिनं सांगितलं. स्पेनमधली एक विधवा. घर मुलाच्या नावावर, तहहयात राहायचा हक्क तिचा. कर लावताना त्या हक्काची किंमत वयाप्रमाणे उतरते, म्हातारीची नव्हे! वकिलाला इंग्रजी कागदात सोपा म्हणून 'पाहुणी' शब्द हवा होता. तो राहिला असता, तर म्हातारीला कुणीही बाहेर काढलं असतं. सकाळपासून आमची सून त्यासाठीच भांडत होती.

"मग मला का नाही विचारलंस?"

"तुम्ही मनाला लावून घ्याल म्हणून, आई."

काखेतलं भांडं मी हळूच खुर्चीखाली सरकवलं. पण आपण विरघळलो हे सुनेला दिसू द्यायचं नसतं. मी पदर सावरला नि ठणकावून सांगितलं, "वकिलाला नमवलंस, छान केलंस! पण उगाच ताठू नकोस. भांडायला तू माझ्याशी भांडूनच शिकलीस!"