पुलाच्या पन्नाशीचा बंदोबस्त

ज्या वर्षी कंट्रोलरच्या थोरल्या मुलीचं लग्न मोडलं आणि दोन महिन्यांनी त्याच मुलाशी पुन्हा ठरलं, त्या वर्षी नदीवरचा पूल पन्नास वर्षांचा झाला. पूल बांधायला अक्कल लागते आणि साजरा करायला समिती, हे जगन्मान्य आहे. समितीत सतरा जण होते. (पुलावरून रोज जाणारा त्यांत एकही नव्हता. त्यामुळे निर्णय निःपक्षपाती झाले.)

कंट्रोलर बस डेपोत फळ्यावर गाड्यांच्या वेळा लिही आणि कर्ण्यावरून त्या ओरडून सांगे. आदल्या वर्षी शंभरातल्या एकतीसच गाड्या वेळेवर आल्या होत्या. सोहळ्यात पाहुण्यांना तोंड कसं दाखवायचं, या विवंचनेत समिती असताना त्यानेच तोड काढली. रद्द केलेली गाडी उशिरा येऊच शकत नाही. तेव्हा पूल आठ दिवस बंद, पलीकडच्या सगळ्या गाड्या रद्द, वक्तशीरपणा शंभर टक्के. शिवाय लोकांना पूल डोळे भरून बघता येईल. एरवी मेले त्यावरून नुसते निघून जातात. समितीने त्याची पाठ थोपटली आणि हुकमावर सहीही त्याचीच घेतली. (त्याची थोरली बहीण पलीकडे राहत होती, पण आकडेवारीत बहिणींचा रकाना नव्हता.)

मुख्य कार्यक्रमाच्या रविवारी सकाळी त्या बहिणीचा फोन आला. तिला दमा होता आणि इस्पितळ अलीकडच्या काठावर.

"बाळ्या, थांब्यावर बसलेय. श्वास पुरत नाही रे. सात नंबर कुठंय?"

"अक्का, सात नंबर वेळेवर आहे."

"मग दिसत का नाही?"

"रद्द आहे."

"लहानपणी तू डोक्यावर पडलास, तेव्हाच मी आईला म्हटलं होतं, हा पुढे मोठा साहेब होणार. ये आता, ने मला."

अँब्युलन्स एकच, आणि ती कोणा पाहुण्याला चक्कर आली तर असावी म्हणून व्यासपीठामागे उभी. तिथून ती हलवायला सतरा जणांची मंजुरी लागत होती. कंट्रोलर धावत पुलाशी गेला. पूल चालत आठ मिनिटांचा. तोंडाशी दोरी, दोरीमागे रखवालदार, रखवालदारामागे लाल गालिचा.

"अरे, माझ्या बहिणीचा जीव जातोय तिकडे. सोड!"

"साहेब, सोडलं असतं. पण हुकमात 'कोणत्याही सबबीवर' लिहिलंय. सही बघा कोणाची."

त्याने बघितली. सही सुवाच्य होती.

"फाड तो कागद!"

"सहा प्रती आहेत, साहेब. तुम्हीच काढायला लावल्यात."

तेवढ्यात पाहुण्यांनी माइकवरून सांगितलं, की या पुलाने अंतर हा शब्दच पुसून टाकला. टाळ्यांचा कडकडाट झाला. एक इसम दोरीशी हुज्जत घालून भाषणाचा विचका करतोय, हे पाहून लोकांनी त्याला "शूऽऽ" करून गप्प केलं. (आपणही होतात. छायाचित्रात दुसऱ्या रांगेत, ओठांवर बोट ठेवून. छान आलंय.)

मग तो डेपोची जीप घेऊन धरणाच्या रस्त्याने निघाला आणि सेहेचाळीस किलोमीटरचा वळसा घालून पलीकडे पोचला, तेव्हा साडेअकरा झाले होते.

अक्का त्या रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, थांब्याच्या बाकावर वारली.