पेणमधला हार्ड रॉक

तुटलेली सोंड माझ्या पायाशी पडली, तरी दिगूने स्पीकरवरचं गाणं बंद केलं नाही. रोह्याच्या मंडळाचा टेम्पो दारात उभा, गणपतीचा एकच डोळा आखून झालेला, आणि हा मान हलवत प्लास्टर कालवत बसला. त्या गाण्याच्या दणक्यानेच सोंडेचा सांधा सुटला होता. टेम्पोवाल्याने सांगून टाकलं, आज मूर्ती नाय मिळाली तर पुढच्या वर्षी दुसरा कारखाना.

दिगू माझा शेजारी. पेणमध्ये गणपतीचे कारखाने पुष्कळ, हार्ड रॉक वाजवणारा हा एकच. त्यापेक्षा खडी फोडायचं मशीन बरं. तक्रार करायला गेलं की याचं सुरू, "मूळ बघा काकी, मूळ." अमेरिकेत काळे मजूर आपलं दुःख गायचे, ते ब्लूज. ती म्हणे माती. विलायतेत कारखान्यांच्या गावातल्या पोरांनी ती उचलली, गिटारला वीज जोडली, आवाज इतका चढवला की स्पीकर फाटल्यासारखा गुरगुरायला लागला. तोच गुरगुराट त्यांना आवडला. तो साचा, म्हणजे हा हार्ड रॉक. पुढे त्याच साच्यातून आणखी जड काढलं, ते हेवी मेटल.

मी म्हटलं, माझा मिक्सर असाच गुरगुरायला लागला तेव्हा मी दुरुस्तीला टाकला.

बायको बहिरी म्हणून याचं फावलं, असं आळी म्हणायची. सुमतीचे कान तापात गेले. मूर्तींचे डोळे मात्र तीच आखते. तिच्यासारखा स्थिर हात कारखान्यात दुसऱ्या कुणाचा नाही.

मी उठले आणि स्पीकरची वायर उपटली.

सुमतीचा ब्रश जागीच थांबला. स्पीकर ज्या लांब फळीवर होता, त्याच फळीवर ती बसलेली. तिने तळव्याने फळी चाचपली, आणि घाबऱ्या डोळ्यांनी मागे वळून दिगूला शोधू लागली. तो तिच्या पाठीशीच होता. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"आधी अभंग लावायचो काकी," तो म्हणाला. "फळीत उतरायचे नाय. भावगीतं पण नाय. शोधत शोधत हे गावलं. फळी धडधडते तोवर तिला कळतं, मी मागं हाय."

मी वायर परत लावली.

सुमतीने दुसरा डोळा एका दमात आखला. दिगूने सोंड बसवली, सांध्यावर रंग मारला. टेम्पोवाला तोवर रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला होता. आवाजात शेवटपर्यंत बसलो ते आम्ही तिघंच: दिगू, सुमती आणि मी.