भिकनभाऊंच्या पाठीवरची पाटी

मॅरेथॉनची तयारी स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे जळगावातल्या पिंप्राळ्याचे शेजारी, भिकनभाऊ.

घराघरात केबल नुकती लागली होती, तेव्हाची गोष्ट. भिकनभाऊ वजनमापे खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झालेले. धुळे, चाळीसगाव, जळगाव असं तीस वर्षं फिरून व्यापाऱ्यांचे काटे तपासले. कोणाचा चहा घेतला नाही की पान खाल्लं नाही. खातं सुटलं तरी सवय काही सुटेना. आमच्या दूधवाल्याचं लिटरचं माप त्यांनी एकदा भर गल्लीत पाण्याने भरून पाहिलं. माप बरोबर निघालं, पण दूधवाल्याने गल्ली सोडली. पुढे दोन महिने बठ्ठी, म्हणजे अख्खी गल्ली चौकातून दूध आणत होती. यांचं आपलं एकच पालुपद, "माप म्हणजे माप, अक्का."

बायको वारलेली, मुलगी धुळ्याला दिलेली, हाताला काम नाही. एके दिवशी पेपरातलं कात्रण घेऊन दारात उभे. पुण्याला मॅरेथॉन आहे म्हणे, बेचाळीस किलोमीटर एकशे पंच्याण्णव मीटर. बेचाळीसचं त्यांना काही वाटलं नाही. ते भाळले त्या वरच्या एकशे पंच्याण्णववर. "दुसऱ्या कोणी वरचे मीटर सोडून दिले असते, अक्का. यांनी सोडले नाहीत." आता असल्या कारणासाठी एकोणसाठाव्या वर्षी कोणी धावायला निघतं का? हे निघाले. ऑफिसची जुनी पँट गुडघ्यावर कापून चड्डी केली, पांढरे कॅनव्हासचे बूट आणले आणि कॉलनीत दारोदार सांगून आले, की पुरं अंतर धावेन, नाहीतर कोणाला तोंड दाखवणार नाही.

मग रोज पहाटे हायवेने पाळधीकडे पळत जायचे आणि तासाभरात कोणाच्या तरी गाडीवर बसून परत यायचे. कधी लूना, कधी स्कूटर. एकदा तर केळीच्या ट्रॅक्टरवर, घडांच्या मधोमध, नवरदेवासारखे.

त्याचं असं आहे, आपल्याकडे पिकल्या केसांचा माणूस रस्त्याने पळताना दिसला, की घरात काहीतरी वाईट झालं असंच लोक धरतात. जो तो गाडी थांबवायचा. "काय जायं, भाऊ? बसा मांगे." आणि हे बसायचे.

मी एकदा गाठलंच. म्हटलं, दुसऱ्याच्या काट्यातली गुंजभर खोट काढणारे तुम्ही, आणि दहातले सात किलोमीटर स्वतः गाडीवरून मारता, हे कुठलं माप? तर म्हणे, माणूस आपल्यासाठी थांबला, त्याला नाही कसं म्हणायचं. घ्या. तीस वर्षं लोकांच्या चहाला नाही म्हणण्यात घालवली, आणि आता लूनाला नाही म्हणवेना.

शर्यतीला तीन महिने उरले तेव्हा मीच मनावर घेतलं. जुन्या चादरीचा तुकडा कापला, सुनेकडून ऑइलपेंटने मोठ्या अक्षरात लिहून घेतलं, 'मॅरेथॉनची तयारी चालू आहे. लिफ्ट देऊ नये.' आणि त्यांच्या बनियनच्या पाठीवर पक्कं शिवून टाकलं. त्यांनी ते हातात धरून दोनदा वाचलं आणि अंगात घातलं. लेखी नियम हा माणूस मोडणार नाही, हे मला ठाऊक होतं.

पाटी लागू पडली. लोक मागून यायचे, वाचायचे, हसायचे, हॉर्न वाजवून पुढे जायचे. पंधरा दिवसांत पाळधी पायांनी गाठली, जाऊन-येऊन. दिवाळीनंतर थेट एरंडोलपर्यंत पळत गेले आणि तिकीट काढून एसटीने परत आले. मी कॉलनीभर मिरवत होते, की भिकनभाऊंना धावायला लावलं ते मी.

पुण्याला त्यांना सात तास लागले. तोवर मांडव सोडून झाला होता, पाण्याची पिंपं उलटी घातली होती. तरी हे चुन्याच्या रेघेपर्यंत धावत गेले. वरचे मीटरसुद्धा सोडले नाहीत.

परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभे. पायात तेच बूट, हातात धुऊन घडी केलेलं बनियन. म्हणाले, एवढी पाटी उसवून द्या. मी म्हटलं, राहू द्या की, नातवंडांना दाखवा. तर नको म्हणाले. उद्यापासून परत पाळधीकडे जायचंय. म्हटलं, अहो, शर्यत झाली, आता कशाला पळता?

ते खाली बघत बोलले. "तीस वर्षं मी दुकानात शिरलो की गल्ल्यावरचा माणूस उठून उभा राहायचा, अक्का. बसा कोणी म्हटलं नाही. मी बसलोही नसतो म्हणा. पण हा रस्त्यावरचा, ना ओळखीचा ना पाळखीचा, थांबायचा, बसा म्हणायचा. घरी कोण कोण असतं ते विचारायचा. पाळधीच्या वाटेवरून इथपर्यंत बोलत यायचो आम्ही." मग म्हणाले, "पाटी लागली तसं कोणी थांबलं नाही."

उसवायला घेतलेली कात्री माझ्या हातातच राहिली. सहा वर्षं भिकनभाऊ माझ्या दारात उभे राहून बोलत होते, आणि मी आतून पोळ्या लाटता लाटता त्यांची फिरकी घेत होते.

खुर्चीवर वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता. तो उचलून मी पलंगावर टाकला. खुर्ची मोकळी झालेली त्यांनी पाहिली. मग उंबऱ्यापाशी वाकले आणि बुटाच्या नाड्या सोडू लागले.